नाना, चेंडूला हात नेमका कधी लावायचा

नाना, त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं. हे आधी लिहून टाकते, कारण मी एकदा सुरू झाले की कुठल्या कुठे जाते आणि मुद्द्याचं राहून जातं. तुम्ही ओट्यावर टीममधल्या सगळ्या पोरींसमोर विचारलं होतं की रग्बीत खाली पडलेल्या चेंडूला हात नेमका कधी लावायचा. आणि मी म्हणाले, "नाना, ही कबड्डी नाहीये. तुम्हाला नाही कळणार." खोटं होतं ते. मलाच माहीत नव्हतं.

तुम्ही हसलात. रोशनीच्या कपात अजून थोडा चहा ओतलात. आणि त्यानंतर मला रग्बीबद्दल एकही प्रश्न विचारला नाहीत. त्यानंतर म्हणजे किती, तर चार दिवस. पाचव्या दिवशी मी जळगावला आमच्या घरी होते, पिंप्राळ्यात, भरताची वांगी भाजत होते, आणि आईचा फोन वाजला.

तुम्ही गेलात. तेराव्याची गंधमुक्ती झाली, पाहुणे गेले, मामा पण त्याच्या नोकरीवर परत गेला. आता इथे धुळ्याला, देवपूरच्या घरात मी आणि अक्का. मी मोबाईलवर टाइप करतेय, चुका होतील, होऊ दे. हे दुसरेही कोणी वाचतील म्हणून त्यांना सांगते: नाना म्हणजे माझ्या आईचे काका, अक्का त्यांची बायको. धुळ्याला कॉलेज मिळालं तेव्हा आई म्हणाली हॉस्टेल कशाला, नानांकडे राहा. म्हणून दोन वर्षं मी यांच्या घरात. नाना तरुणपणी कबड्डी खेळायचे, मग जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. रग्बी हा शब्द त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकला, आणि खरं सांगायचं तर मीही तो त्याच्या आठवडाभर आधीच ऐकला होता.

आठवतं का तो पहिला दिवस? आमच्या सरांनी कबड्डीच्या टीममधल्या आम्हा पोरींना बोलावलं आणि सांगितलं, रग्बीची टीम करायचीय, तुम्हाला पकडायची सवय आहेच. आणि आठवड्यानं चेंडू माझ्याकडे दिला, घरी ने, हाताची ओळख होऊ दे म्हणून. मी स्कूटी आत घेतेय तोच तुम्ही डिकीच्या वर अडकवलेला चेंडू पाहिला.

"हाई काय शे?"

"चेंडू."

"अंडं शे हाई. कोनं शे? शहामृगनं?"

मग तुम्ही तो अंगणात टाकला. तो एकदा सरळ उडाला, दुसऱ्यांदा तुळशीकडे पळाला, तिसऱ्यांदा अक्काच्या वाळवणात. अक्का ओरडली. तुम्ही मात्र गुडघ्यावर हात ठेवून बघत होतात, आणि म्हणालात, "परत टाक." मी परत टाकला. "परत." दहा-बारा वेळा तरी. मला वाटलं तुम्ही खेळताय. तुम्ही खेळत नव्हतात हो, तुम्ही बघत होतात की तो कुठल्या अंगावर पडला की कुठे जातो. शेवटी म्हणालात, "टोकावर पडना तं भरोसा नही. पोटावर पडना तं पुढे सरकस." सरांनी मला हे सांगायला तीन महिने घेतले नाना! तीन महिने!

तेव्हापासून रोज एक प्रश्न. मी गेटमधून स्कूटी आत घ्यायची, स्टँड लावायच्या आधी तुमचा प्रश्न यायचा. स्टँड लावल्यावर नाही, आधीच. मी एका पायावर तोल सांभाळत उत्तर द्यायची.

"किती गडी?"

"पंधरा. पण आपल्याकडे पंधरा पोरी कुठून आणायच्या, म्हणून आम्ही सात-सात खेळतो. सात मिनिटं, मग बाजू बदलायच्या, परत सात मिनिटं."

"सात? मंग कबड्डीच शे ना."

"नाही हो."

दुसऱ्या दिवशी: "गुण कसा मियस?"

मी सांगितलं, चेंडू घेऊन पलीकडच्या रेषेच्या पुढे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात, पाच गुण. मग त्याच्या वर एक किक मिळते. एच अक्षरासारखे खांब असतात, मधल्या आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला की अजून दोन. समोरच्यांनी मोठी चूक केली तर पेनल्टी, ती थेट खांबांत मारली तर तीन.

"नुसतं रेषेपार गया, टेकाडा नही, तर?"

"तर काहीच नाही."

तुम्ही विचारात पडलात. "म्हंजे पोचीसन बी काम बाकी ऱ्हास," म्हणालात, आणि मग तुम्हाला एकदम हसू आलं, कारण तुम्हाला जिनिंगमधला तो ड्रायव्हर आठवला जो कापसाच्या गाठी घेऊन पोचायचा आणि उतरवायच्या आधीच जेवायला जायचा.

चेंडू पुढे फेकायचा नाही, हे ऐकल्यावर तर तुम्ही खुर्चीतून उठलात. हातानं पास द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. पुढे न्यायचा तर घेऊन पळायचं, नाहीतर लाथेनं मारायचा. "पुढे जानं शे ना? मंग मांगे कसाले फेकतस?" मला याचं उत्तर देता आलं नाही, तेव्हाही. मी म्हणाले नियम आहे. तुम्ही म्हणालात नियम शे हे उत्तर नही. दोन दिवसांनी तुम्ही स्वतःच उत्तर घेऊन आलात. म्हणालात, पुढे फेकता आला असता तर एकच पोरगी पुढे जाऊन उभी राहिली असती आणि बाकीच्या इकडे झाडाखाली बसल्या असत्या. मागे फेकायचा म्हणून सगळ्यांना पळत यावं लागतं. नाना, हे मी नंतर टीममधल्या नव्या पोरींना सांगितलं. माझं म्हणून सांगितलं. तुमचं नाव नाही घेतलं. हे पण एक लिहायचं होतं.

हातातून चेंडू निसटून पुढे पडला तर त्याला नॉक-ऑन म्हणतात आणि मग स्क्रम होतो, हे सांगितल्यावर तर तुमची चंगळ झाली. कारण स्क्रम म्हणजे ढकलाढकली, आणि ढकलणं हा तुमचा विषय. पंधराच्या खेळात आठ-आठ जणी, आमच्या सातच्या खेळात तीन-तीन जणी, एकमेकींच्या खांद्यांत हात अडकवून, समोरच्या तिघींना खांदा लावून. मध्ये चेंडू टाकतात, तो पायानं मागे ओढायचा. आमचा स्क्रम दर वेळेला कोसळायचा. मी, रोशनी आणि मधली पोरगी, तिघी तोंडावर.

तुम्ही ग्राउंडच्या भिंतीबाहेरून बघत होतात रोज. एक दिवस गेटमधून आत आलात आणि सरांना म्हणालात, "सर, ह्या पोरी हातानी ढकलतस. गाठ हातानी सरकत नही. मांडीनी सरकस." सर आधी बघतच राहिले. तुम्ही आम्हाला भिंतीला खांदा लावायला लावलात. बूड खाली. पाठ सपाट, पाठीवर चहाचा कप ठेवला तर सांडायला नको. मान वर, नजर समोर, खाली बघाल तर मान मोडेल. पाऊल लहान, एवढं एवढंसं. आणि सगळ्यांनी एका श्वासात. "एकीनं आधी जोर लावा तं गाठ तिच्यावरच येस," म्हणालात. सरांनी नंतर पुस्तकात दाखवलं, अगदी तेच लिहिलं होतं, फक्त तिथे कपाची गोष्ट नव्हती.

आणि ती टॅकल बॅग, पकडून पाडायच्या सरावाची! सर म्हणाले होते विकत आणायला वेळ लागेल. तुम्ही जुन्या ओळखीनं बारदानं आणलीत, त्यात जिनिंगचा वाया गेलेला कापूस ठासून भरलात, दाभणानं सुतळी ओढून तोंड शिवलंत. अजून तीच वापरतो आम्ही. त्यातून सरकी बाहेर येते आणि केसांत अडकते. रोशनी म्हणते डोक्यात शेती होईल.

सामानाबद्दल तुमचे प्रश्न तर काही विचारू नका. डोक्याला हेल्मेट नाही? नाही. वाटलं तर मऊ टोपी, कान घासू नयेत म्हणून. खांद्याला? जर्सीच्या आत पातळ मऊ पॅड चालतं, कडक काही नाही. चड्डीला खिसा का नाही? बोट अडकून मोडेल म्हणून. बुटांना खाली खुंट्या, त्या पण सामन्याच्या आधी रेफरी हात फिरवून बघतात, धार नको. नखं कापलेली हवीत. कानातलं, बांगडी, गळ्यातलं, सगळं काढायचं. यावर अक्का आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. तुम्ही तिला समजावलंत, "ह्या कानातलं ओढाईसन कान फाटना तं कोन शिवी? मी सुतळीनी शिवू?"

पण सगळ्यात भारी ते माउथगार्डचं. दातांसाठी रबराचं ते, गरम पाण्यात मऊ करायचं आणि मग चावायचं, म्हणजे तुमच्या दातांचा साचा बसतो. मी अक्काच्या चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं. ती चूक नंबर एक. मग ते थंड व्हायला वाटीत ठेवलं, बेसिनपाशी. तिथेच तुमची कवळी पण वाटीत. सकाळी तुम्ही डोळे मिटून हात घातलात आणि माउथगार्ड तोंडात! "माधी! मना दात सुजनात व!" मी खोलीतून पळत आले तर तुम्ही ओठ फुगवून उभे, आणि अक्का पदर तोंडात कोंबून हसतेय. तुम्ही ते काढलंत, धुतलंत, आणि पहिला प्रश्न काय विचारलात? "ह्यानी श्वास कसा लेतस?"

असे होतात तुम्ही. राग आलेला असतानाही आधी प्रश्न.

आता आपलं भांडण. ते अजून मिटलेलं नाही आणि मी माघार घेणार नाहीये, सांगून ठेवते.

रग्बीत पळणाऱ्या पोरीला पकडून खाली पाडायचं, खांद्याच्या खाली कुठेही, मानेला हात लावायचा नाही. आणि पाडलं की लगेच सोडायचं. लगेच! तिनं पण चेंडू सोडायचा. आता आम्ही सगळ्या कबड्डीच्या. आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलं, घोटा हातात आला की शिट्टी वाजेपर्यंत सोडायचा नाही. पहिल्या सामन्यात आम्ही प्रत्येकीला धरून बसलो. समोरची पोरगी "सोड ना" म्हणतेय, रेफरी शिट्टी मारतेय, रोशनी घोट्याला लटकलेलीच. पेनल्टी, पेनल्टी, पेनल्टी.

तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चिडलात. "धरेल माणूस सोडानं? कसाले? मेहनत करीसन धरा ना?"

"नाना, खेळ थांबायला नको म्हणून. चेंडू मोकळा झाला पाहिजे."

"मंग धरानंच कसाले?"

"थांबवायला!"

"थांबावानं आणि थांबू नही देवानं. बठ्ठा उलटा कारभार शे."

यावर आपण दिवाळीपासून भांडत होतो. तुमचं म्हणणं होतं की धरून ठेवणाऱ्याला अर्धा गुण तरी द्यावा. नाही मिळणार. मी अजूनही म्हणते नाही मिळणार.

पण हे मान्य झाल्यावर, म्हणजे तुमच्या दृष्टीनं निषेध नोंदवून झाल्यावर, तुम्ही पुढचा प्रश्न काढलात. आणि तोच तो प्रश्न.

पोरगी खाली पडली. पाडणारीनं सोडलं. चेंडू जमिनीवर. आता दोन्हीकडच्या पोरी धावत येतात. काही वेळा कोणीतरी हात घालून चेंडू उचलते आणि रेफरी काही बोलत नाही. काही वेळा तेच करते आणि शिट्टी वाजते. "एकच काम. एक दिन बरोबर, एक दिन चूक. मंग हात लावाना टाइम कोनता?" आणि नाना, तुम्ही हे विचारलंत कारण शिट्टी माझ्यावर वाजत होती. टीममध्ये ते काम माझं होतं, सगळ्यांच्या आधी पोचून चेंडू काढायचं. मी पोचायची. आणि दर सामन्यात तीन-चार वेळा माझ्यावर पेनल्टी. मी घरी येऊन सांगायची रेफरीच वाईट आहे.

त्या दिवशी आमचा सराव सामना हरलो होतो, माझ्याच पेनल्टीवर. सगळ्या पोरी ओट्यावर, अक्का चहा करतेय, आणि तुम्ही विचारलंत. सगळ्यांसमोर. मला वाटलं तुम्ही माझी चूक काढताय. मग मी ते बोलले.

रोशनी नंतर गेटपाशी म्हणाली, "असं काय बोललीस गं नानांना?" मी म्हटलं, "जाऊ दे ना, नानांना नाही राग येत." आला होता का हो? मला खरंच माहीत नाही. तुमच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी स्कूटी आत घेतली, एक पाय टेकवून थांबले, आणि तुम्ही म्हणालात, "जेवण झाकेल शे." एवढंच. मी स्टँड लावला. चारही दिवस असाच लावला.

आता तुम्हाला माहीत असलेली गोष्ट सांगते, मला नव्हती माहीत.

दारावर बसायला, सांत्वनाला बायका यायच्या त्या दिवसांत, दुपारी. अक्का एका जागी बसून असायची. एका दुपारी शेजारच्या मालूताई आल्या, आणि त्यांना बघून अक्काला रडता रडता एकदम हसू फुटलं. बाकीच्या बायका घाबरल्या. मालूताई पण तोंड झाकून हसायला लागल्या. मी म्हटलं, "अक्का, काय झालं?"

"तुना नानानी जाता जाता आम्हाले बी खेळाडं," अक्का म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. मी तुम्हाला तसं बोलले त्याच्यानंतर तुम्ही दोन दिवस मोबाईलमध्ये डोकं घालून रग्बीचे सामने बघत होतात. आवाज बंद करून, मला कळू नये म्हणून. शिट्टी वाजली की तुम्ही ते मागे नेऊन परत बघायचात. मग तिसऱ्या दिवशी, मी कॉलेजला गेल्यावर, तुम्ही अक्काला मधल्या खोलीत चटईवर आडवी पाडलीत!

"माले म्हने, उशी पोटशी धर आणि आडी पड. मी म्हंतं, ह्या वयमा? दार तरी लाई ल्या." अक्का सांगत होती आणि बायका पदरात तोंड खुपसत होत्या. "मंग तो वाकना, उशी ओढी. माले म्हने सोड. मी नही सोडी. म्हने, नही सोडी तं तुनी चूक, पेनाल्टी."

"आणि मालूताई?"

"मी साखर मागायला आले होते," मालूताई म्हणाल्या. "नाना म्हणाले, बरं झालं आलीस, समोरून ये आणि मला खांदा लाव. मी म्हटलं नाना, बरे आहात ना?"

अक्का म्हणाली, तुम्ही तिन्ही प्रकारे करून पाहिलंत. आधी तुम्ही पोचलात, उशीवर हात, मग मालूताई आल्या: तुम्ही हात काढायचा नाही, तुमचं बरोबर. मग उलट. मालूताई आणि तुम्ही आधी खांद्याला खांदा लावून उभे, उशी पायाशी, मग हात घातला: चूक, आता फक्त ढकलायचं, पायानं चेंडू मागे घ्यायचा. मग तुम्ही बाजूनं आलात: ते पण चूक, आपल्या मागच्या बाजूनंच यायचं, पायावर उभं राहून. हे सगळं तुम्ही अक्काला समजावलंत. अक्काला! जिला रेषेच्या पलीकडे काय आहे ते पण माहीत नाही.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

अक्कानं आठवून सांगितलं. "म्हने, पोर पोचस पहिली. पण साखळीनी वाट देखस. माले नही समजनं काय ते."

नाना, मला समजलं. तिथेच, त्या सगळ्या बायकांत बसलेली असताना.

कबड्डीत चढाई करणारीला एकटीनं धरायला जात नाहीत. शेजारणीचा हात हातात असतो, ती साखळी. ती हलली की मी हलायचं, नाहीतर दोघी बाद. आठवीपासून मी साखळीत खेळलेय, इथे आल्यापासून रोशनीसोबत. आणि रग्बीत मी सगळ्यांच्या आधी चेंडूपाशी पोचते आणि हात घालायच्या आधी एकदा मागे बघते. रोशनी आली का. अर्धा सेकंद पण नसेल. तेवढ्यात समोरची येऊन खांदा लावते, आणि माझा हात जातो तो त्याच्यानंतर. दर वेळी. रेफरी वाईट नव्हत्या. मी मागे बघत होते. सरांना दिसलं नाही, मला कळलं नाही, तुम्हाला भिंतीपलीकडून दिसलं, कारण तुम्ही पण साखळीत खेळला होतात.

आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी म्हटलं होतं ना तुम्हाला कळणार नाही. तुम्ही वाट बघत होतात का, मी येऊन विचारेन म्हणून? की शनिवार-रविवार जळगावला जाऊन आली की सांगू, असं ठरवलं होतं? तिसऱ्या दिवसापासून ते तुमच्याजवळ तयार होतं आणि मी रोज तुमच्यासमोरून ताट घेऊन आत जात होते.

गंधमुक्तीनंतर आठवड्यानं सामना होता, जळगावला. मी आईला म्हटलं जाऊ का, तर आईच्या आधी अक्का म्हणाली, "जाय. त्यानी उशी काय फुकट फाडी का?" हो, उशी पण फाटली होती म्हणे. कापूस खोलीभर.

दुसऱ्या हाफमध्ये बारा-पाच. त्यांचे दोन ट्राय आणि एक किक, आमचा एक ट्राय. रोशनीनं त्यांच्या सगळ्यात उंच पोरीला कमरेत धरून पाडलं, आणि नाना, सोडलं! लगेच सोडलं! मी सगळ्यात जवळ होते. पोचले. आणि मान मागे वळायला लागली, मला जाणवलं ती वळतेय. मी नाही वळू दिली. वाकले, दोन्ही हात चेंडूवर, पाय रुंद, बूड खाली. त्यांच्या दोघी येऊन आदळल्या माझ्यावर, एक डाव्या खांद्यावर, एक डोक्याजवळ. मी हात काढले नाहीत. खालची पोरगी पण चेंडू सोडेना. आणि शिट्टी. मला सवयीनं वाटलं गेलं, माझ्यावरच. वर बघितलं तर रेफरी मॅडमचा हात आमच्या बाजूला.

पेनल्टी आमची. रोशनीनं चेंडू पायाला टेकवला, उचलला आणि जी सुटली ती सरळ रेषेपार. टेकवला पण. बारा-दहा. मग किक बाहेर गेली आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. हरलो नाना, सॉरी. पण मला रडू नाही आलं. मी घामानं निथळत मॅडमकडे गेले आणि तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांनी सांगितलं ते अगदी तुमच्या उशीसारखंच. पहिली, पायावर, आपल्या बाजूनं, हात आधीपासून असतील तर काढायची गरज नाही. मग त्यांनी विचारलं, "हे कुठे शिकलीस? आज पहिल्यांदा नीट केलंस." मी म्हणाले, "घरी. चटईवर." त्यांना काही कळलं नाही.

काल सगळ्या पोरी घरी आल्या, अक्काला भेटायला. ओट्यावर बसल्या. अक्कानं चहा केला. मग मी उभी राहिले. उभं कशाला राहिले कोण जाणे, शाळेत प्रार्थनेला राहतात तशी.

म्हटलं, "मी इथेच नानांना म्हणाले होते की तुम्हाला कळणार नाही. तुम्ही सगळ्या होतात. त्यांना कळलं होतं. मला नव्हतं कळलं. माझी पेनल्टी का व्हायची ते त्यांनी शोधून काढलं, आणि मागे पास का द्यायचा ते मी तुम्हाला सांगितलं होतं ना, ते पण त्यांचंच होतं."

एक पोरगी बशीत बघत राहिली. मग रोशनी म्हणाली, "मला वाटलंच होतं ते तुझं नसणार. तुला एवढा विचार कुठे येतो?" सगळ्या हसल्या, मी पण.

मग रोशनीनं अगदी साधं विचारलं. "नाना कबड्डीत कुठे उभे राहायचे गं? कोपऱ्यात की मधे? आणि खेळायचे कधीपर्यंत? सोडली का?"

नाना, दोन वर्षं. रोज एक तरी प्रश्न तुम्ही मला विचारलात, चेंडूपासून चड्डीच्या खिशापर्यंत. मी तुम्हाला एकही नाही विचारला. जेवण झालं का, गोळी घेतली का, हे सोडून एकही नाही. तुम्ही कोपऱ्यात होतात की मधे, मला माहीत नाही. मी अक्काकडे बघितलं.

अक्का कप हातात धरून तशीच बसली होती. "माले काय म्हाईत?" ती म्हणाली. "मी बी कधी ईचारंच नही. लगीन व्हयनं तवय त्यानी सोडेलच व्हती." मग म्हणाली, "पिंपळनेरले जिजीले म्हाईत व्हई. त्यानी मोठी बहीण शे. लाव बरं फोन."

"आत्ता?"

"मंग कवय?"

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला, ओट्याच्या मधोमध ठेवला. सगळ्या पोरी पुढे सरकल्या. बराच वेळ वाजला. मग जिजींचा आवाज आला, कोन शे म्हणून. अक्का फोनवर एवढी वाकली की तिचं कपाळच टेकेल असं वाटलं, आणि ओरडून म्हणाली, "जिजी, मी बोलस, देवपूरनी! तुमना भाऊ कबड्डीमा कोठे उभा ऱ्हाये? आणि खेळनं कसाले सोडं?"

आणि मग, नाना, जिजी हसायला लागल्या. म्हाताऱ्या माणसाचं ते खोकत खोकत हसणं, थांबेचना. "आज पुसतीस का व?" त्या म्हणाल्या. "बस खाली. लंबी गोष्ट शे."

मी फोनचा आवाज वाढवला.